रिचार्जमधले आठ रुपये कोणाच्या वस्तीत पोचतात?

काही दिवसांपूर्वी आम्ही कार्यकर्ते एका विहारातल्या अभ्यासिकेत शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी बसलो होतो. अर्जांचा विषय बाजूला राहिला आणि बोलणे मोबाईलवर गेले. एकाचा रिचार्ज आदल्या दिवशी संपला होता. दुसऱ्याला ओटीपी यायलाच तयार नव्हता, म्हणून तो फोन हातात घेऊन पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. एक मुलगी म्हणाली, "सर, घरात फोन तीन आहेत, पण बॅलन्स एका वेळी एकातच असतो." सगळे हसले. मात्र त्या हसण्यात नवल कोणालाच वाटले नव्हते.

मग आम्ही फळ्यावर एक साधा हिशेब मांडला. १९९ रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज घेतला, तर त्यातले किती पैसे कुठे जातात?

– रिचार्जची किंमत १९९ रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३० रुपये ३६ पैसे.
– उरले १६८ रुपये ६४ पैसे. हा कंपनीचा महसूल.
– या महसुलावर सरकार कंपनीकडून ८ टक्के परवाना शुल्क घेते. ते होते साडेतेरा रुपयांच्या आसपास.
– या ८ टक्क्यांपैकी ३ टक्के, म्हणजे सुमारे ५ रुपये, सरकारचे सर्वसाधारण उत्पन्न.
– उरलेले ५ टक्के, म्हणजे सुमारे ८ रुपये ४३ पैसे, एका खास कामासाठी. जिथे कंपन्या नफ्यासाठी जाणार नाहीत, तिथे फोन आणि इंटरनेट पोचवण्यासाठी.

हा हिशेब ढोबळ आहे. कंपनीच्या महसुलातून काही वजावटी होतात, त्यामुळे पैशांत थोडा फरक पडेल. पण चित्र हेच राहते. वर्षाला असे तेरा रिचार्ज केले, तर एका फोनमागे सुमारे ११० रुपये या खास निधीत जातात. ज्या वस्तीत असे शंभर फोन आहेत, ती वस्ती दरवर्षी सुमारे अकरा हजार रुपये या निधीला देते. पावतीवर जीएसटी दिसतो, हे शुल्क दिसत नाही. म्हणून आपण ते देतो हेही आपल्याला ठाऊक नसते. आणि जे देतो हेच ठाऊक नाही, त्याचा जाब कोण विचारणार?

हे शुल्क आले कुठून?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार, टेलिफोन आणि बिनतारी संदेश हे विषय केंद्राच्या यादीत, नोंद क्रमांक ३१ मध्ये आहेत. त्यामुळे फोन किंवा इंटरनेट सेवा द्यायची तर परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून घ्यावा लागतो आणि शुल्कही त्याच विभागाला द्यावे लागते. १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेले ट्राय हे नियामक प्राधिकरण दर, दर्जा आणि शुल्क यांबाबत नियम व शिफारशी करते. पण परवाना शुल्क किती घ्यायचे, याचा अंतिम निर्णय सरकारचा असतो.

१९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना या क्षेत्रात आणले, तेव्हा शुल्काची रक्कम ठरीव होती. कंपन्यांनी लिलावात मोठमोठ्या बोली लावल्या आणि नंतर पैसे भरणे जमेना. मग १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने पद्धत बदलली. ठरीव रकमेऐवजी महसुलातला हिस्सा द्यायचा असे ठरले. याच धोरणाने सार्वत्रिक सेवेची जबाबदारीही मान्य केली. २००३ मध्ये तार कायद्यात दुरुस्ती करून १ एप्रिल २००२ पासून 'सार्वत्रिक सेवा दायित्व निधी' स्थापन झाला. त्यामागचा विचार सरळ होता. शहरातल्या नफ्यातून एक वाटा बाजूला काढायचा आणि तो मागे राहिलेल्यांपर्यंत सेवा नेण्यासाठी वापरायचा.

आता १८८५ चा तार कायदा मागे पडून दूरसंचार कायदा २०२३ आला आहे. त्याने या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. जून २०२४ मध्ये ही तरतूद लागू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निधीच्या कारभाराचे नियम अधिसूचित झाले. यात दोन गोष्टी आपल्यासाठी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली, कायद्यात ग्रामीण आणि दुर्गम भागांबरोबर सेवेपासून वंचित शहरी भागांचाही उल्लेख आहे. म्हणजे शहरातली झोपडपट्टीही यात बसते. दुसरी, नियमांमध्ये महिला, दिव्यांग आणि आर्थिक व सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटक यांचा नाव घेऊन उल्लेख आहे.

हा बदल आपल्या चळवळीच्या नजरेतून निसटला आहे असे आम्हाला वाटते. आजवर हा निधी भूगोलाची भाषा बोलत होता: गाव, तालुका, दुर्गम भाग. आता त्याच्या नियमांत समाज आला आहे. पण कागदावर आलेला समाज आपोआप हिशेबात येत नाही, हे आपल्याला अनुसूचित जाती उपयोजनेने चांगले शिकवले आहे.

कंपन्यांची तक्रार आणि आपली तक्रार

परवाना शुल्क कमी करा, ही दूरसंचार कंपन्यांची जुनी मागणी आहे. त्यांचा युक्तिवाद असा की आधीचा निधीच पूर्ण खर्च होत नाही, तर आमच्याकडून आणखी का घेता? ट्रायनेही जानेवारी २०१५ मध्ये हा वाटा ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणावा अशी शिफारस केली होती. निधी पडून राहतो ही तक्रार खोटी नाही. पण तिच्यातून निघणारे उत्तर आपल्याला मान्य होणारे नाही. वसतिगृहाचा निधी खर्च झाला नाही म्हणून वसतिगृहच बंद करा असे कोणी म्हणाले, तर आपण काय म्हणू? पैसे का खर्च झाले नाहीत हे विचारू, पैसे बंद करा असे म्हणणार नाही.

शुल्क कमी झाले की रिचार्ज स्वस्त होईल, असेही सांगितले जाते. गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहू. १ जानेवारी २०२१ पासून एका कंपनीने दुसरीला द्यायचे देशांतर्गत कॉलचे शुल्क शून्य झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने कंपन्यांसाठी मोठे सवलतींचे पॅकेज दिले. थकबाकी भरायला चार वर्षांची मुभा मिळाली, दूरसंचाराशी संबंध नसलेले उत्पन्न शुल्काच्या हिशेबातून पुढच्या काळासाठी वगळले गेले आणि पुढच्या लिलावांतील स्पेक्ट्रमवरचे वापर शुल्क रद्द झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जुलै २०२४ मध्ये पुन्हा वाढवले. एअरटेलचा १७९ चा पॅक १९९ झाला, जिओचा १५५ चा १८९ झाला. सवलत वर मिळाली आणि खाली दरवाढ आली. म्हणून शुल्ककपातीचा फायदा ग्राहकाला मिळेलच, हे गृहीत धरता येत नाही.

थकबाकीचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. शुल्क ज्या महसुलावर मोजायचे त्याला 'समायोजित सकल महसूल' म्हणजेच एजीआर म्हणतात. त्यात कोणते उत्पन्न धरायचे यावर सरकार आणि कंपन्या वर्षानुवर्षे भांडत होत्या. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे मान्य केले. सप्टेंबर २०२० मध्ये ही रक्कम दहा वर्षांत भरायची मुदत मिळाली. व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत तर सरकारने देण्याच्या बदल्यात शेअर घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींचे आणि २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींचे. आज त्या कंपनीत सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के आहे.

बाजारात दोनच कंपन्या उरू नयेत म्हणून तिसरी टिकवावी, या म्हणण्यात तथ्य आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण तुलना मनात येतेच. कंपनी हजारो कोटी थकवते तेव्हा तिला चार वर्षे, दहा वर्षे मिळतात. ऊसतोड मजुराच्या बायकोचा रिचार्ज संपतो तेव्हा काही दिवसांत तिचा इनकमिंगही बंद होतो. सवलत कोणाला आणि शिस्त कोणाला, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही आहे.

व्हॉट्सॲप कॉलवर शुल्क लावायचे का?

दुसरा वाद इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलचा आहे. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यात दुरुस्ती करून परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनीची मोकळीक दिली. म्हणजे मोबाईलचे टॉवर नसतानाही वायफायवरून नेहमीच्या नंबरला कॉल लागू शकतो. अशा सेवेला परवाना लागतो आणि शुल्कही लागते. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरच्या कॉलला मात्र असा परवाना लागत नाही. कंपन्या म्हणतात, सेवा सारखी तर नियमही सारखा हवा. आम्ही शुल्क भरतो, मग ॲपवाल्यांनी का भरू नये?

ऐकायला हे न्याय्य वाटते. पण फळ्यावरचा हिशेब पुन्हा पाहा. व्हॉट्सॲप कॉल हवेत होत नाही, डेटावर होतो. तो डेटा आपण याच कंपन्यांकडून विकत घेतो आणि त्या विक्रीच्या महसुलावर ८ टक्के शुल्क आधीच लागलेले असते. ॲपवर वेगळे शुल्क लावले, तर एकाच कॉलवर दोनदा वसुली होईल आणि शेवटी ती आपल्याच खिशातून जाईल.

यात पैशाच्या पलीकडचाही मुद्दा आहे. परवाना म्हणजे परवानगी. आज विहाराच्या गटापासून वधू-वर मेळाव्यापर्यंत, अत्याचाराच्या घटनेची पहिली बातमी पोचवण्यापासून भीमगीतांच्या छोट्या चॅनेलपर्यंत आपल्या समाजाचा सगळा संवाद या ॲपवर चालतो. मोठ्या माध्यमांत आपल्याला जागा नव्हती, म्हणून आपण इथे जागा केली. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'त छापून मिळाली नव्हती, हे आपल्याला माहीत आहे. २०२० मध्ये ट्रायने या ॲपसाठी वेगळी नियामक चौकट सध्या नको अशी शिफारस केली होती. मात्र विषय संपलेला नाही. २०२३ मध्ये ट्रायने पुन्हा सल्लामसलत सुरू केली आणि नव्या कायद्यातली 'दूरसंचार'ची व्याख्या बरीच रुंद आहे. म्हणून या बाबतीत तरुणांनी जागे राहायला हवे. अशा सल्लामसलतीत ट्राय लोकांकडून लेखी मते मागवते. त्यांत मोठ्या कंपन्यांची मते असतात, उद्योगसंघटनांची असतात. आपल्या संघटनांची किती असतात?

पैसा अडतो कुठे?

हे पाच टक्के थेट निधीच्या पेटीत पडत नाहीत. ते आधी भारताच्या संचित निधीत जमा होतात. नंतर संसदेने मंजुरी दिली की त्यातली रक्कम सार्वत्रिक सेवेसाठी वर्ग होते. हा निधी व्यपगत होत नाही, म्हणजे वर्ष संपले तरी न वापरलेली रक्कम कायद्याने याच कामासाठी राहायला हवी. पण जमा झालेली पूर्ण रक्कम निधीकडे वर्ग होत नाही, असे कॅगने केंद्राच्या लेख्यांवरील अहवालांत वारंवार दाखवून दिले आहे. वसुली एका नावाने झाली आणि पैसा दुसऱ्याच कामाच्या गर्दीत मिसळून गेला.

हे वाचताना अनुसूचित जाती उपयोजनेची आठवण न होणे शक्य नाही. तिथेही तत्त्व हेच आहे: पैसा दुसरीकडे वळवायचा नाही आणि व्यपगत होऊ द्यायचा नाही. तिथेही तक्रार हीच आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये त्यासाठी कायदे केले. महाराष्ट्रात अशा कायद्यासाठी चळवळ अनेक वर्षे मागणी करत आहे.

बाबासाहेबांचा कोलंबिया विद्यापीठातला पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपात आला. पैसा कोण गोळा करतो, कोण खर्च करतो आणि कोणाला जाब देतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मे १९४९ मध्ये संविधान सभेत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षकाचे पद संविधानातले कदाचित सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे सांगितले होते. आपण बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतो, संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचतो. पण कॅगचा अहवाल उघडून पाहण्याची सवय आपल्या किती अभ्यासगटांना आहे? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो आहोत.

गावापर्यंत पोचले, वस्तीपर्यंत का नाही?

या निधीतून कामे झालीच नाहीत असे म्हणणे चुकीचे ठरेल. नक्षलग्रस्त भागांत टॉवर उभे राहिले, त्यात गडचिरोलीही आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांना ४जी देण्याची ६,४६६ कोटींची योजना मंजूर झाली. या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना आली. सर्वांत मोठे काम भारतनेटचे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या प्रकल्पाने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचे होते. मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला.

या योजनांची मोजणी पाहा. किती गावे, किती ग्रामपंचायती, किती किलोमीटर केबल. मोजण्याचे एकक गाव आहे. पण गाव एकसंध नसते, हे आपल्याइतके कोणाला माहीत असणार? फायबर येते ते ग्रामपंचायत कार्यालयात. कार्यालय असते गावठाणात. तिथून शाळा, सोसायटी, पुढाऱ्याचे घर जवळ असते. बौद्धवाडा बऱ्याच ठिकाणी ओढ्यापलीकडे किंवा गावाच्या टोकाला असतो. सरकारी कागदावर "गाव जोडले गेले" अशी नोंद होते आणि टाकीपाशी उभा राहून ओटीपीची वाट पाहणारा मुलगा त्या नोंदीत जोडलेलाच धरला जातो. पूर्वी पाण्याच्या नळाचे असेच व्हायचे. योजना गावाची असायची आणि नळ गावठाणातच संपायचा.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, शहरी भागात ४२ टक्के कुटुंबांकडे. संगणक ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के कुटुंबांकडे होता. त्यानंतर मोबाईल इंटरनेट खूप वाढले, हे खरे आहे. पण मोबाईलवर रील पाहता येणे वेगळे आणि त्याच मोबाईलवर दहा पानांचा अर्ज भरणे, कागदपत्रे चढवणे, ऑनलाईन परीक्षा देणे वेगळे. आज शिष्यवृत्ती, जात पडताळणी, नोकरभरती, रेशनची तक्रार, सगळे ऑनलाईन आहे. इंटरनेट नसणे म्हणजे आता हक्काच्या दारापर्यंत जाणारा रस्ताच नसणे.

पैसा माणसापर्यंत नेण्याचे दुसरे मार्ग आहेत का? अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथेही सार्वत्रिक सेवा निधी आहे आणि २००६ पासून इंटरनेटवरून नेहमीच्या फोनला जोडणारी सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही त्यात वर्गणी भरावी लागते. त्या निधीतला एक भाग 'लाईफलाईन' योजनेतून गरीब कुटुंबाच्या बिलात दरमहा ९.२५ डॉलरची सूट म्हणून मिळतो. दुसरा भाग शाळा आणि ग्रंथालयांच्या इंटरनेटवर खर्च होतो. या वर्गणीला तिथल्या न्यायालयात आव्हान दिले गेले आणि जून २०२५ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. ती व्यवस्था आदर्श आहे असे आमचे म्हणणे नाही. पण तिथे लाभार्थी म्हणून कुटुंब आणि ग्रंथालय मोजले जाते. आपल्याकडे टॉवर आणि केबल मोजली जाते. टॉवर आणि केबल लागतातच, पण त्यांच्यापुढे माणूस असतो.

शुल्काची रचनाही सामाजिक हेतूने करता येते. मे २०२५ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांसाठी ट्रायने महसुलाच्या ४ टक्के शुल्काची शिफारस केली आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा सुचवले. म्हणजे शुल्क किती घ्यायचे, कोणाकडून घ्यायचे आणि कोणाला सूट द्यायची, यात निवड करता येते. ही निवड करताना आपला आवाज ऐकू आला पाहिजे.

आपण काय करू शकतो?

दिल्लीतल्या निधीवर गावातून काय परिणाम होणार, असे तरुण आम्हाला विचारतात. आमच्या मते पाच कामे लगेच हाती घेता येतील.

एक. वस्तीचा नकाशा करा. कुठे रेंज येते, कुठे येत नाही, फायबर कुठवर आले आहे, ग्रामपंचायतीतली जोडणी चालू आहे की पेटी नुसती भिंतीवर आहे, हे आपल्या अभ्यासगटाने एका रविवारी फिरून लिहून काढावे. सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायतीबाहेरच्या गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. मागणीनुसार याचा अर्थ असा, की जो मागेल त्याचा विचार होईल. ग्रामसभेत ठराव करून ही मागणी लेखी करा आणि ठरावात वस्तीचे नाव घाला. नुसते गावाचे नाव पुरत नाही.

दोन. माहिती अधिकार वापरा. आपल्या जिल्ह्यात या निधीतून कोणती कामे मंजूर झाली, किती पूर्ण झाली आणि 'सामाजिकदृष्ट्या दुर्बल' घटकांसाठी म्हणून कोणता खर्च दाखवला, हे विचारा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेले अनुसूचित जातीचे लोक केंद्राच्या लेखीही अनुसूचित जातीतच आहेत. त्यामुळे या घटकात आपली मोजणी व्हायलाच हवी. असा वेगळा हिशेब ठेवला जात नसेल, तर ते उत्तरही कामाचे आहे. तेच घेऊन खासदारांकडे जाता येते आणि संसदेत प्रश्न विचारायला लावता येतो.

तीन. टॉवरचा कर तपासा. दूरसंचार कायदा २०२३ येण्यापूर्वी, डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबाईल टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला होता. आपल्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये टॉवरची नोंद आहे का? कर वसूल होतो का? ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १५ टक्के वाटा मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो, हे कार्यकर्त्यांना माहीत आहे. टॉवरचा कर स्वउत्पन्नात आला, तर त्या पंधरा टक्क्यांत आपला हक्क आहे. अभ्यासिकेची इंटरनेट जोडणी त्यातून का मागू नये?

चार. विहार आणि अभ्यासिका यांत सार्वजनिक वायफाय सुरू करा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत असे वायफाय देणाऱ्या छोट्या केंद्राला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि परवाना शुल्कही लागत नाही. चांगली ब्रॉडबँड जोडणी मात्र हवी. पाचदहा घरांनी वर्गणी काढली तर एका वस्तीची सोय होऊ शकते. विहारात संध्याकाळी वंदनेनंतर दोन तास मुले तिथे बसून अर्ज भरतील, अभ्यास करतील. पण हे करताना एक लक्षात ठेवू. वर्गणी काढून सोय करणे हे आपले स्वावलंबन आहे, सरकारला जबाबदारीतून दिलेली सुटका नव्हे.

पाच. रिचार्जबद्दल आपल्या माणसांना सांगा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणे बंधनकारक केले. ज्या आजीला डेटा लागत नाही, तिने डेटाचे पैसे का द्यावेत? असा पॅक आहे हे दुकानदार सांगेलच असे नाही. आपण सांगायला हवे.

शेवटी

त्या दिवशी फळा पुसताना त्या मुलीने विचारले, "सर, मग हे आठ रुपये परत मागायचे का?" आम्ही म्हणालो, परत मागायचे नाहीत. गडचिरोलीच्या पाड्यावर टॉवर उभा राहत असेल, तर त्यात आपले आठ रुपये असल्याचा आनंदच आहे. सार्वत्रिक सेवेचे तत्त्व आपलेच आहे, कारण ते समतेचे आहे. आपल्याला हवा आहे हिशेब. कोणाच्या नावाने गोळा झाले, कोणापर्यंत पोचले आणि वाटेत कुठे थांबले, याचा.

आरक्षण, शिष्यवृत्ती, उपयोजना या विषयांवर आपली चळवळ बोलते, कारण तिथे आपला वाटा उघड दिसतो. दूरसंचार शुल्कासारख्या विषयात तो दिसत नाही, म्हणून तिथे आपण गैरहजर असतो आणि आपल्या गैरहजेरीत निर्णय होतात. पुढच्या वेळी रिचार्ज कराल तेव्हा त्या आठ रुपयांची आठवण ठेवा. ती आठवण ग्रामसभेच्या ठरावात, माहिती अधिकाराच्या अर्जात आणि ट्रायला पाठवलेल्या पत्रात उतरली पाहिजे. ज्या वस्तीत हे काम सुरू होईल, तिथल्या कार्यकर्त्यांबरोबर बसायला आम्ही तयार आहोत.

जय भीम!